चौकटीबाहेरचा माणूस

यंदाच्या स्नेहसंमेलनात एक छायाचित्र-प्रदर्शन भरले होते. गेल्या वर्षभरात डोंगरात, रानावनात काढलेले आपले आवडते एक चित्र प्रत्येकाने आणायचे, भिंतीवर लावायचे आणि त्याविषयी चार शब्द बोलायचे, अशी कल्पना. कुणी ताम्हिणीतला पाऊस आणला, कुणी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, कुणी कासचे फुललेले पठार. अट एकच होती : निसर्गचित्र आहे, तेव्हा त्यात माणूस नको. मोबाईलवर काढलेले एक चित्र माझ्याजवळही होते, पण त्यात आमचे आबा उभे होते. म्हणून ते मी खिशातच ठेवले आणि दाराशी उभा राहून इतरांचे ऐकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जुन्या छायाचित्रांचे एक जाडजूड पुस्तक हाती लागले. त्यात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीची चित्रे होती, सन 1861 मध्ये काढलेली. सरळसोट कडे, उंचावरून कोसळणारे धबधबे, आरशासारखे निश्चल पाणी आणि कुठेही चाहूल नाही. ज्याने ती काढली त्या कार्लटन वॉटकिन्सचे चरित्र मी मग मिळेल तिथून वाचत गेलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. चरित्र म्हणजे थोरामोठ्यांची यशोगाथा, अशीच माझी समजूत होती. या माणसाच्या चरित्राने ती मोडली.

वॉटकिन्सचा जन्म 11 नोव्हेंबर 1829 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ओनिओन्टा या लहानशा गावातला. सोन्याच्या शोधात सारी दुनिया कॅलिफोर्नियाकडे धावत होती, त्या लोंढ्यात हा विशीतला पोरही गेला. सोने काही त्याला गवसले नाही. पडेल ते काम करता करता तो एका छायाचित्रकाराच्या हाताखाली लागला आणि तिथेच ही विद्या शिकला.

त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे आजच्यासारखे बोट दाबणे नव्हते. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. चित्र मोठे करण्याची सोयीची रीत नव्हती. जेवढी काच तेवढेच चित्र. वॉटकिन्सला तर कड्यांची भव्यता दाखवायची होती. म्हणून त्याने 18 इंच बाय 22 इंचांच्या काचा मावतील असा प्रचंड कॅमेरा बनवून घेतला. काचा, रसायने, तंबू, सारा बाडबिस्तारा डझनभर खेचरांवर लादून तो दरीत उतरला आणि 30 मोठ्या काचांवर चित्रे घेऊन परतला. त्या काचांना प्रकाश टिपायला वेळ लागे. पान हलले की चित्र बिघडे. वारा पडण्याची वाट पाहत हा माणूस किती वेळ उभा राहिला असेल! आमच्याकडे मळणी उफणताना वाऱ्याची अशीच वाट पाहतात. त्याला मात्र वारा नको होता.

1862 च्या डिसेंबरात ही चित्रे न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली. तिकडे यादवी युद्ध पेटलेले होते आणि इकडे लोक त्या शांत दरीकडे पाहत उभे राहत. पुढे सिनेटर जॉन कॉनेस यांनी दरीच्या रक्षणाचे विधेयक मांडले. बहुतेक खासदारांनी ती जागा डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. वॉटकिन्सच्या चित्रांनी ती त्यांच्या ओळखीची केली, असे इतिहासकार मानतात. 30 जून 1864 रोजी अध्यक्ष लिंकन यांनी त्यावर सही केली आणि दरी व तिच्या दक्षिणेचे सिकोया वृक्षांचे बन सर्वांसाठी कायमचे राखले गेले.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा ही चित्रे मी आबांना दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि एवढेच विचारले, की इतके पाणी, इतके गवत असून इथे कुणी राहत कसे नव्हते? मी गप्प झालो. कारण पुस्तकात याचे उत्तर मी वाचले होते आणि पान उलटून पुढे गेलो होतो. तिथे अवानीची लोक राहत होते. दरीला त्यांचे स्वतःचे नाव होते. 1851 मध्ये मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी आत घुसली, तिने त्यांच्या वस्त्या आणि धान्याचे साठे जाळले आणि त्यांना हुसकून लावले. काही जण पुढे परतलेही. वॉटकिन्स तिथे पोचला तो या जाळपोळीनंतर अवघ्या दहा वर्षांनी. त्याच्या एका चित्रात एका प्रचंड सिकोयाच्या बुंध्याशी काही माणसे उभी आहेत, झाडाची उंची समजावी म्हणून. पण ती नव्याने आलेली माणसे. दरीची मूळ माणसे चौकटीबाहेरच राहिली.

आणि नियती अशी, की पुढे वॉटकिन्सही चौकटीबाहेर गेला. 1867 साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळाले, योसेमिटीतल्या एका शिखराला त्याचे नाव दिले गेले. पण व्यवहार त्याला जमला नाही. 1870 नंतरच्या दशकात कर्जापायी चित्रशाळा आणि काचा सावकाराच्या हाती गेल्या आणि टेबर नावाचा दुसरा छायाचित्रकार त्याच काचांवरून स्वतःच्या नावाने चित्रे विकू लागला. वॉटकिन्सने हाय खाल्ली नाही. तो पुन्हा त्याच दरीत गेला आणि नवी मालिका काढू लागला. पन्नाशीत लग्न केले, दोन मुले झाली. मग दृष्टी अधू होत गेली. घरभाडे थकले, तेव्हा बायकामुलांसह दीड वर्ष एका टाकून दिलेल्या रेल्वेच्या डब्यात त्याने काढले.

18 एप्रिल 1906 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि शहराला आग लागली. एका विद्यापीठाशी त्याच्या संग्रहाविषयी बोलणी चालू होती. तो संग्रहच आगीत गेला. हातात काठी घेतलेल्या, दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्या वॉटकिन्सला लोक रस्त्यातून धरून नेत आहेत, असे त्या दिवसांतले छायाचित्र आहे. जन्मभर दुसऱ्यांना दाखवणाऱ्याचे ते चित्र त्याला स्वतःला पाहता आले नाही. 1910 मध्ये त्याला नापा येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. 23 जून 1916 रोजी तिथेच तो वारला. पुरले त्या जागी नावाचा दगडही नव्हता. त्यानंतर दोनच महिन्यांनी अमेरिकेत राष्ट्रीय उद्याने सांभाळणारे सरकारी खाते स्थापन झाले.

मी त्याला दोष देत नाही. त्याने राखले नसते तर त्या दरीचे काय झाले असते, कोण जाणे. पण माझ्या खिशातल्या चित्राकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. आमचे जुने गाव धरणात गेले. त्याचे एकही छायाचित्र कुणाजवळ नाही. मे महिन्यात पाणी उतरले की देवळाचा चौथरा तेवढा उघडा पडतो. गेल्या मे महिन्यात आबा मला तिथे घेऊन गेले. मागे निळे डोंगर, चोहीकडे भेगाळलेला गाळ आणि चौथऱ्यावर चप्पल काढून उभे असलेले आबा. मी त्यांना जरा बाजूला व्हायला सांगणार होतो, म्हणजे डोंगर नीट आले असते.

पुढच्या वर्षी प्रदर्शन भरेल तेव्हा ती अट काढावी, अशी विनंती मी मंडळाला करणार आहे. नाहीच काढली, तर दाराबाहेरच्या भिंतीवर का होईना, आबांसकट ते चित्र मी लावणार आहे.

— द्वितीय वर्ष, कला