जर्मन भाषा आणि इरावतीबाई

परकी भाषा कशासाठी शिकायची, हा प्रश्न आमच्या हिवरखेडसारख्या गावात हमखास विचारला जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी कापूस पिकविणाऱ्या बापाला, मुलाने पदवीसाठी जर्मन हा दुय्यम विषय घ्यावा, याचे नवल वाटणारच. मला मात्र या प्रश्नाचे उत्तर इरावतीबाई कर्वे यांच्या चरित्रात सापडले.

योगायोग असा, की त्यांच्या जन्माचा संबंधही कापसाशीच आहे. वडील गणेश हरी करमरकर ब्रह्मदेशात एका कापूस कंपनीत इंजिनियर होते. तेथे मिंजान गावी १५ डिसेंबर १९०५ रोजी कन्या जन्मली. इरावती नदीवरून तिचे नाव ठेवले. सातव्या वर्षी ती पुण्याच्या हुजूरपागेत आली आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढली. फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. आणि मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ साली एम. ए., असा त्यांचा विद्याक्रम झाला.

विवाह झाला तो महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी. रसायनशास्त्राचे हे प्राध्यापक स्वतः जर्मनीत शिकून आले होते. पत्नीनेही तेथे जावे असा त्यांचा आग्रह. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींना मात्र सुनेचे हे परदेशगमन पसंत नव्हते. अखेर डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

मानववंशशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. जोडीला तत्त्वज्ञान, संस्कृत आणि प्राणिशास्त्र. कैसर विल्हेल्म संस्थेतील त्यांचे मार्गदर्शक प्रा. ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ असून कवटीच्या दोन बाजूंतील फरकात त्याची खूण दिसेल, असे त्यांचे अनुमान. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. डावी-उजवी बाजू सर्वांचीच थोडीफार असमान असते, पण तिचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष त्यांनी जर्मन भाषेतच प्रबंधात मांडला. पुढे १९३३ नंतर हिटलरच्या राजवटीने त्याच वंशशास्त्राच्या आधारे लक्षावधी माणसे मारली. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पंचविशीतील मराठी मुलीचे धैर्य केवढे, ते कळते.

१९३० साली मायदेशी परतल्यावर त्यांनी प्रथम महिला विद्यापीठात कुलसचिवाचे काम केले आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन. मोजमापाची साधने घेऊन त्या देशभर हिंडल्या. भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला, तर ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. महाभारतातील थोर पात्रांनाही भक्तिभाव बाजूला ठेवून तपासणारी ही दृष्टी बर्लिनच्या प्रयोगशाळेतील दृष्टीहून वेगळी नव्हे. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

मित्रहो, जर्मन शिकले म्हणजे गटे आणि शिलर मुळातून वाचता येतील, हा लाभ आहेच. परंतु इरावतीबाईंच्या जीवनातून मला त्याहून मोठी गोष्ट उमगते. दुसऱ्याची भाषा नीट अवगत असेल, तरच त्याचे ज्ञान घेता येते, आणि तो चुकत असेल तर त्याच्याच भाषेत, पुराव्यानिशी, तसे सांगताही येते. हे सामर्थ्य ज्या विषयाने येते, तो गुणपत्रिकेत दुय्यम असला म्हणून काय झाले?