उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगाव परिसरात किर्लोस्कर हे नाव उच्चारले की प्रथम आठवते ती मराठी संगीत रंगभूमी. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या लहानशा गावी १८४३ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. त्याच गावी, त्याच किर्लोस्कर कुळात, २० जून १८६९ रोजी लक्ष्मण काशिनाथ जन्मले. एकाने मराठी माणसाला संगीत नाटक दिले, दुसऱ्याने लोखंडी नांगर. अण्णासाहेबांचे स्मरण या भागात सदैव अभिमानाने होते. लक्ष्मणरावांच्या स्मरणात मात्र अभिमानाबरोबर थोडी हळहळही मिसळलेली असते. जो उद्योग बेळगावात जन्मला, तो बेळगावात राहू शकला नाही.

लहानपणी लक्ष्मणरावांचा ओढा दोन गोष्टींकडे होता, चित्रकला आणि यंत्रे. थोरले बंधू रामूअण्णा यांनी पाठबळ दिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दोन वर्षांनी एक कठोर सत्य पुढे आले. काही रंगांमधला भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. होतकरू चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? रंगपेटी मिटून त्यांनी यांत्रिक रेखाटनाची कास धरली. त्यात रंगांची गरज नव्हती. रेषा आणि मापे पुरेशी होती. या विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापकाची नोकरी मिळाली. परदेशी यंत्रांची सूचिपत्रे आणि यंत्रविषयक ग्रंथ वाचून त्यांनी आपले ज्ञान वाढविले. त्यांच्याजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती. त्यांची खरी पाठशाळा म्हणजे छापील पान आणि हातातले हत्यार.

त्या संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. रामूअण्णांच्या साहाय्याने बेळगावात सायकलींचा छोटा व्यवसाय आधीच सुरू झालेला होता. १८८८ हे वर्ष किर्लोस्कर उद्योगसमूह आपले जन्मवर्ष मानतो. सायकल हे त्या काळी नवलाचे वाहन होते. ती विकणे, दुरुस्त करणे आणि घेणाऱ्याला चालवायला शिकविणे, ही सारी कामे बंधूंनी केली. पण दुसऱ्याने घडविलेली वस्तू विकण्यात लक्ष्मणरावांचे मन रमेना. कडबा कापण्याचे यंत्र त्यांनी स्वतः घडविले आणि मग हात घातला तो नांगराला.

त्या काळचा लाकडी नांगर जमीन वरवर उकरीत असे. हरळी आणि कुंदा यांची खोल गेलेली मुळे त्याला दाद देत नसत. परदेशी लोखंडी नांगर हे काम करीत, परंतु ते सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. १९०३ मध्ये लक्ष्मणरावांनी बेळगावात आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला. नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष उतरते, ही समजूत शेतकऱ्यांच्या मनात पक्की रुजलेली होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. एवढ्या काळात दुसऱ्या एखाद्याने भट्टी विझविली असती. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. ज्याचे सारे वर्ष एका पेरणीवर अवलंबून असते, त्याने नव्या अवजाराकडे संशयाने पाहावे यात नवल नव्हते. ती शंका शेतातच फिटणार होती, आणि तशी ती फिटलीही.

मागणी वाढू लागली, तोच दुसरे संकट कोसळले. शहराच्या नव्या वस्तीसाठी ती जागा हवी म्हणून बेळगाव नगरपालिकेने कारखाना हलविण्यास सांगितले. शहराला वाढायला जागा हवी होती, हे खरे. पण त्या जागेवर काय उगवू पाहत आहे, याची जाण त्या वेळी कोणास आली नाही. भट्ट्या, साचे, कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन जावे कोठे, असा प्रश्न पडला.

या वेळी धावून आले ते औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी औंध येथे सभामंडप उभारण्याचे काम लक्ष्मणरावांकडे सोपविले, दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले आणि संस्थानातील कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर जमीन देऊ केली. ती निवडुंगाने भरलेली, सापांचे माहेरघर असलेली माळरानाची जमीन होती. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. केवळ कारखाना नव्हे, तर कामगारांचे गाव उभे करावे हा लक्ष्मणरावांचा संकल्प होता. तेथे अस्पृश्यतेला त्यांनी थारा दिला नाही. शिक्षा भोगून आलेल्या गुन्हेगारांवर विश्वास टाकून त्यांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांना समाजाने दूर लोटले होते, त्यांच्याच हाती वाडीची राखण आली.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे थांबले आणि देशी नांगराला मागणी आली. पण त्याच वेळी लोखंड आणि कोळसाही दुर्मीळ झाला. दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळसा वापरून भट्टी पेटती ठेवण्यात आली. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या साहाय्याने गडकोटांवर निकामी पडलेल्या तोफा मिळाल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

१९२० मध्ये बंधूंच्या भागीदारीचे रूपांतर किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या कंपनीत झाले. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. त्याच्या पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. माळरानावरच्या कारखान्यातून निघालेली ही मासिके गावोगावच्या ग्रंथालयांत पोचली आणि मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या त्यांवर पोसल्या. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून अभियंता होऊन १९२६ मध्ये परतले. त्याच वर्षी वाडीत पाण्याचा सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. पुढे मूळ खोडाला फांद्या फुटल्या. १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रहत्यारांसाठी म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स अशा कंपन्या उभ्या राहिल्या.

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. तीन तपांहून अधिक काळ जोपासलेली वास्तू राख होताना पाहणे, हा घाव सामान्य नव्हता. परंतु कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी देह ठेवला. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

त्यांच्या पश्चात २००३ मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सने इंग्लंडमधील एसपीपी पंप्स ही कंपनी आपल्यात सामावून घेतली. ज्या देशाची सूचिपत्रे चाळीत हा उद्योग शिकला, त्या देशातील कारखाना त्याच्या छत्राखाली आला. एका कंपनीने दुसरी विकत घ्यावी, हा आजच्या उद्योगजगताचा नित्यक्रम आहे. लक्ष्मणरावांचे सामावून घेणे मात्र निराळे होते. इतरांनी टाकून दिलेली जमीन, निकामी तोफा, शिक्षा भोगलेली माणसे आणि स्वतःच्या डोळ्यांतले व्यंग, हे सारे त्यांनी एकत्र आणले आणि त्यातून उद्योग घडविला.

मिरज-पुणे मार्गावरील कुंडल रोड हे स्थानक पुढे किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाऊ लागले.  पण १९०३ साली पहिला नांगर ओतला गेला तो बेळगाव शहरात, आणि त्याच्या गिऱ्हाइकाची दोन वर्षे वाट पाहिली गेली तीही येथेच.