पंडिता रमाबाई : दुष्काळांतून मुक्तीकडे

सुखाच्या दिवसांत प्रार्थना करणें कठीण नाहीं. भरल्या ताटावर बसून देवाचे आभार मानणारे पुष्कळ असतात. परंतु ताटांत अन्न नाहीं, घरांत माणूस उरलें नाहीं, आणि केलेल्या प्रार्थनेस उत्तर मिळाल्याचें कोठेंही दिसत नाहीं, अशा वेळीं मनुष्याच्या भक्तीची खरी कसोटी लागते. पंडिता रमाबाईंचें चरित्र हें या कसोटीचेंच चरित्र होय. त्यांच्या विद्वत्तेची कीर्ति विद्यार्थिमित्रांनीं ऐकली असेलच. येथें त्यांच्या दुःखाची व प्रार्थनेची हकीकत सांगावयाची आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये हें त्या काळचें मत त्यांस मान्य नव्हतें. त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें आणि लक्ष्मीबाईंनीं ती विद्या रमाबाईंस दिली. रमाबाई तान्ह्या असतांनाच हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. गांवोगांवीं पुराण सांगावें, श्रोत्यांच्या दक्षिणेवर निर्वाह करावा व उरलेलें दानधर्मांत खर्चावें, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षें चालला.

पुढें दक्षिण हिंदुस्थानांत दुष्काळ पडला. लोकांस स्वतःलाच अन्न मिळेना, तेथें पुराणिकास दक्षिणा कोण देणार? या कुटुंबानें उपवास, जप व देवदर्शन यांत कांहीं उणें पडूं दिलें नाहीं; तथापि जवळचें सर्व संपलें आणि रानांतील पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. वृद्ध पिता प्रथम गेले. मरणकाळीं त्यांनीं आपल्या धाकट्या कन्येस ईश्वराच्या हातीं सोंपविलें व आजन्म त्याची सेवा करण्यास सांगितलें. थोड्याच काळांत आईही गेली. तिच्या तिरडीस खांदा देण्यास चार माणसें मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या स्वतः रमाबाई. त्यांची उंची कमी, म्हणून तो भार त्यांनीं खांद्यावर न घेतां डोक्यावर वाहिला. त्यानंतर वडील बहीण कृष्णाबाई हीही मरण पावली.

उरलीं तीं दोन भावंडें. अंगावर पुरेसें वस्त्र नाहीं, पोटांत अन्न नाहीं, अशा स्थितींत तीं हजारों मैल पायीं फिरलीं. झेलम नदीच्या कांठीं थंडी सोसेना, तेव्हां वाळूंत खड्डे करून, मस्तक तेवढें बाहेर ठेवून, त्यांनीं अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली व रात्र काढली. आईबापांनीं एवढें अनुष्ठान केलें, त्याचें फळ कोठें आहे, हा प्रश्न दोघांच्याही मनांत होता, आणि त्याचें उत्तर त्यांस मिळत नव्हतें.

१८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु मान मिळाला तरी दुःख सरलें नाहीं. १८८० सालीं श्रीनिवास वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या भिन्न जातीच्या बंगाली वकिलाशीं विवाह केला. १८८१ सालीं मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पतीचा अंत झाला. चोविसाव्या वर्षाच्या आंतच आईबाप, बहीण, भाऊ व पति हीं सर्व गेलीं, आणि कडेवर एक तान्ही मुलगी राहिली.

पतीच्या घरीं असतां लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत रमाबाईंच्या हातीं आली होती. १८८३ सालीं वैद्यकी शिकावी या हेतूनें त्या विलायतेस गेल्या. परंतु कानांनीं दगा दिला. ऐकूं कमी येत असल्यामुळें तो बेत सोडावा लागला. तेथें फुलहॅम येथें ख्रिस्ती भगिनी पतित स्त्रियांची प्रेमानें शुश्रूषा करतांना त्यांनीं पाहिल्या. समाजानें टाकलेल्या स्त्रियांस जवळ करण्याची बुद्धि यांस कोठून झाली, असें विचारतां त्यांस प्रभु येशू व शोमरोनी स्त्री यांची गोष्ट सांगण्यांत आली. ती गोष्ट त्यांच्या अंतःकरणास भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

अमेरिकेंत साहाय्य मिळवून त्यांनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें विधवा मुली शिकत. रमाबाई आपल्या खोलींत दार उघडें ठेवून प्रार्थना करीत, आणि कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. धर्माविषयीं तटस्थता राहिली नाहीं, असें वाटून न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनीं १८९३ सालीं आपला संबंध सोडला. पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. प्रार्थनेमुळें स्नेही दुरावले, तरी रमाबाईंनीं दार लावून घेतलें नाहीं.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडल्याचें वर्तमान आलें. इतरांनीं तें वाचलें व हळहळ केली. रमाबाईंस मात्र रानांतला पाला व डोक्यावरची आईची तिरडी आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या व सुमारें ३०० मुली घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगची सांथ असल्यामुळें एवढ्या मुली शहरांत ठेवणें शक्य नव्हतें. केडगांव येथें त्यांनीं आधींच जमीन घेऊन फळझाडें लाविलीं होतीं. तेथेंच झोंपड्या उभ्या राहिल्या. तेंच मुक्तिसदन. गुजराथच्या १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील माणसें दीड हजारांहून अधिक झालीं.

एवढ्या कुटुंबास पुरेल असें ठराविक उत्पन्न नव्हतें. रमाबाई रोजच्या अन्नासाठीं रोज देवबापाकडे मागत आणि मुलींनाही मागावयास शिकवीत. पण मागून हात जोडून त्या बसल्या नाहींत. मुक्तींत विहिरी खणल्या, शेती केली, माग चालविले, छापखाना घातला. आंधळ्या मुलींस मनोरमेनें बोटांनीं वाचावयास शिकविलें. तेथें प्रार्थना व परिश्रम हीं एकाच दिवसाचीं दोन अंगें होतीं.

उतारवयांत रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. खेड्यांतील साध्या बाईसही तें कळावें हा हेतु. हें काम चालू असतांनाच शेवटचा घाव बसला. जिच्या हातीं मुक्ति सोंपवावयाची, ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजीं चाळिसाव्या वर्षीं निवर्तली. एकुलत्या मुलीसाठीं त्या माउलीनें प्रार्थना केली नसेल काय? तरी मुलगी गेली. रमाबाई मात्र पुन्हां कामास बसल्या आणि भाषांतर तडीस नेलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. संपूर्ण भाषांतर १९२४ सालीं मुक्तीच्या छापखान्यांतून बाहेर पडलें.

विद्यार्थिमित्रहो, प्रार्थना केली म्हणजे संकट टळतेंच, असें हें चरित्र सांगत नाहीं. पहिल्या दुष्काळांत उपाशी मुलीस भाकर देणारें कोणी आलें नाहीं. परंतु वीस वर्षांनीं दुसरा दुष्काळ आला, तेव्हां तीच मुलगी शेंकडों उपाशी मुलींच्या दाराशीं भाकर घेऊन उभी राहिली. आपलें दुःख देवापुढें मोकळें करून जो उठतो, त्यास शेजाऱ्याचें दुःख आधीं दिसतें, आणि त्याचे पाय तिकडे वळतात. आपल्यांतील कोणाच्या घरीं आज आजार, मृत्यु किंवा दारिद्र्य असेल, तर त्यानें रमाबाईंचें स्मरण करावें. आणि ज्याच्या घरीं यांपैकीं कांहींच नसेल, त्यानें आज कोणाच्या प्रार्थनेचें उत्तर आपण होऊं शकूं, याचा विचार करावा.