डॉ. थॉमस चामर्स

मनुष्याच्या मनाची खरी परीक्षा दोन प्रसंगीं होते. एक, स्वतःची चूक भरसभेंत कबूल करावी लागते तेव्हां. आणि दुसरा, आपल्या मतासाठीं घर व वेतन सोडावें लागतें तेव्हां. स्कॉटलंडांतील प्रेस्बिटेरियन मंडळीचे पुढारी डॉ. थॉमस चामर्स यांच्या आयुष्यांत हे दोन्ही प्रसंग आले. म्हणून त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

चामर्स यांचा जन्म ता. १७ मार्च १७८० रोजीं फाइफ परगण्यांतील ॲन्स्ट्रदर ह्या समुद्रकांठच्या गांवीं झाला. चौदा भावंडांत ते सहावे. बारा वर्षांचे होण्यापूर्वींच ते सेंट अँड्रूज येथील विद्यापीठांत दाखल झाले व तेथें त्यांस गणिताची विलक्षण गोडी लागली. १८०३ सालीं किल्मनी ह्या खेड्याच्या मंडळीचे पाळक झाल्यावरही त्यांचें अर्धें मन गणितांतच असे. १८०५ सालीं त्यांनीं एडिंबरो येथील गणिताच्या अध्यापकपदाची इच्छा धरली. पाळकांनीं अशा जागा घेऊं नयेत असा आक्षेप निघाला. त्यावर चामर्स यांनीं एक पत्रक छापून असें प्रतिपादिलें कीं, पाळकाचें काम नीट उरकूनही त्यास आठवड्यांतील पांच दिवस शास्त्राभ्यासासाठीं मोकळे राहतात.

पुढें भावाबहिणींचे मृत्यू त्यांनीं पाहिले, व स्वतःही कित्येक महिने ते अंथरुणास खिळून राहिले. ह्या दुखण्यांत त्यांचें मन पालटलें. पूर्वीं केवळ नीतिपर व्याख्यानें देणारा पाळक आतां ख्रिस्ताच्या कृपेविषयीं कळकळीनें बोलूं लागला.

ह्या मंडळीचीं मूलतत्त्वें येथें सांगणें अवश्य आहे. प्रेस्बिटेरियन ह्या नांवाच्या मुळाशीं वडील ह्या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. ह्या मंडळींत बिशप नाहींत. पाळक व निवडलेले वडील मिळून मंडळीचा कारभार पाहतात, व त्यांच्यावर क्रमाक्रमानें मोठ्या सभा असून सर्वांच्या वर महासभा असते. पवित्र शास्त्र हाच श्रद्धेचा व आचरणाचा नियम. तारण मनुष्याच्या पुण्याईनें नव्हे, तर देवाच्या कृपेनें, विश्वासाच्या द्वारें. आणि मंडळीचा मस्तक एकटा ख्रिस्त, अशी त्यांची शिकवण आहे.

वडिलांची ही व्यवस्था जिवंत कशी करावी हें चामर्स यांनीं ग्लासगो शहरीं दाखविलें. १८१९ सालीं त्यांनीं तेथील सेंट जॉन ह्या नव्या मंडळीचें काम पत्करलें. सुमारें १०,००० वस्तीच्या त्या गरीब भागाचे त्यांनीं २५ विभाग केले व प्रत्येकावर एक वडील व एक सेवक नेमला. वडिलांनीं लोकांच्या आत्मिक गरजा पाहाव्या व सेवकांनीं घरोघर जाऊन दारिद्र्याची चौकशी करावी, अशी वांटणी होती. मुलांसाठीं त्यांनीं शाळाही काढल्या. गरिबांस सरकारी करांतून मदत देऊं नये, शेजाऱ्यांच्या दयेनें व मंडळीच्या दानानें ती व्हावी, हें त्यांचें मत मात्र पुढें टिकलें नाहीं. मोठ्या शहरांतील दारिद्र्य केवळ शेजारधर्मानें निवारण्याजोगें नव्हतें, व १८४५ सालीं स्कॉटलंडांत गरिबांसाठीं नवा कायदा करावा लागला.

१८२३ सालीं ते सेंट अँड्रूज येथें नीतिशास्त्राचे व १८२८ सालीं एडिंबरो येथें ईश्वरविज्ञानाचे अध्यापक झाले. ह्याच काळांतील एक प्रसंग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. १८२५ सालीं महासभेंत, पाळकानें दुसरी जागा धरावी कीं नाहीं, असा वाद चालला होता. चामर्स विरुद्ध बाजूनें बोलत होते. तेव्हां एका प्रतिपक्ष्यानें वीस वर्षांपूर्वींचें तें पत्रक काढून सभेंत वाचलें. चामर्स उठले. पत्रक आपलेंच आहे व आपण अपराधी आहों, असें त्यांनीं सांगितलें. गणित हें परिमाणांचें शास्त्र खरें. परंतु काळ किती अल्प व अनंतता किती अफाट, हीं दोन परिमाणें त्या वेळीं आपण हिशेबांत धरलींच नव्हतीं, अशा आशयाची कबुली त्यांनीं दिली.

दुसरी परीक्षा याहून कठीण होती. १७१२ च्या एका कायद्यानें मंडळीचा पाळक नेमण्याचा हक्क जमीनदारांस व सरकारास मिळाला होता. बहुसंख्य कुटुंबप्रमुखांस नको असलेला पाळक त्यांच्यावर लादूं नये, असा ठराव महासभेनें १८३४ सालीं केला. त्याच सालीं ऑक्टरार्डर येथें नेमलेल्या पाळकास मंडळींतील दोघांनींच पसंती दिली, व २८७ कुटुंबप्रमुखांनीं विरोध केला. तरीही न्यायालयांनीं निकाल मंडळीच्या विरुद्ध दिला. सरकारानें धर्मास साह्य करावें, असें चामर्स यांचें मत जन्मभर होतें. परंतु साह्य करणारानें धनी होऊं नये, हाही त्यांचा निश्चय होता.

ता. १८ मे १८४३ रोजीं एडिंबरो येथें महासभा भरतांच मावळते अध्यक्ष डॉ. वेल्श यांनीं निषेधपत्र वाचलें व ते बाहेर पडले. चामर्स त्यांच्यासह निघाले. मागोमाग पाळक व वडील रांगेनें चालत टॅनफील्ड येथील सभागृहांत गेले, व तेथें मुक्त मंडळी स्थापन होऊन चामर्स तिचे पहिले अध्यक्ष झाले. एकंदर ४७४ पाळकांनीं वेतन व राहतीं घरें सोडलीं. कित्येक जमीनदारांनीं जागा नाकारल्यामुळें लोकांनीं उघड्यावर उपासना केली. एके ठिकाणीं तर पाण्यावर तरंगतें लोखंडी मंदिर बांधावें लागलें. पाळकांच्या निर्वाहासाठीं दर आठवड्यास एक पेनी देण्याची योजना चामर्स यांनीं आधींच आंखून ठेविली होती.

हिंदुस्थानांतील त्या मंडळीचे मिशनरीही मुक्त मंडळीस मिळाले. त्यांत मुंबईचे डॉ. जॉन विल्सन होते, व चामर्स यांचे शिष्य, कलकत्त्याचे डॉ. अलेक्झांडर डफ होते. डफ यांनीं आपल्या पाठशाळेची इमारत व ग्रंथालय मागें ठेवून नव्यानें आरंभ केला. १८४५ सालीं नागपुरास आलेले स्टीफन हिस्लॉप हेही ह्याच मुक्त मंडळीचे.

परंतु एक उणीव लपवून ठेवणें योग्य नव्हे. नव्या मंडळीनें अमेरिकेंतील गुलाम बाळगणाऱ्या मंडळ्यांकडूनही देणग्या घेतल्या. ती रक्कम सुमारें ३,००० पौंड होती. १८४६ सालीं गुलामगिरींतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस यांनीं स्कॉटलंडांत येऊन तो पैसा परत करा अशी जोराची मागणी केली. चामर्स गुलामगिरीस वाईटच म्हणत; तरी त्या मंडळ्यांशीं संबंध तोडण्यास ते तयार झाले नाहींत, व पैसा परत गेला नाहीं. सरकारचें वेतन ज्या हातांनीं सोडलें, त्यांना हा पैसा सोडवला नाहीं, याची खंत वाटते.

ता. ३१ मे १८४७ रोजीं सकाळीं ते बिछान्यांत शांतपणें निधन पावलेले आढळले. ज्या कायद्यामुळें फूट पडली तो १८७४ सालीं रद्द झाला, व दुभंगलेल्या मंडळींचा मोठा भाग १९२९ सालीं पुन्हा एक झाला.

चामर्स निर्दोष नव्हते. परंतु आपलें जुनें पत्रक समोर आलें असतां त्यांनीं तें नाकारलें नाहीं, व अठरा वर्षांनीं घर सोडण्याची वेळ आली तेव्हां पाऊल मागें घेतलें नाहीं. आपलीही जुनीं पत्रकें कोणी तरी कधीं वाचून दाखवील. त्या वेळीं उठून उभें राहण्याचें धैर्य विद्यार्थिदशेंतच कमवावें, असें आम्हांस वाटतें.