हमीद सयानी : जाहिरातीच्या आवाजाला प्रतिष्ठा देणारा निवेदक

सयानी हे आडनाव उच्चारले की बहुतेकांच्या कानात घुमतो तो अमीन सयानी यांचा आवाज. 'बिनाका गीतमाला'च्या या निवेदकाचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी निधन झाले तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. मात्र अमीन यांना मायक्रोफोनपुढे उभे करणारे, त्यांचे थोरले बंधू आणि गुरू हमीद सयानी त्याआधी जवळजवळ अर्धशतक काळाच्या पडद्याआड गेले होते. मुंबईतील नभोवाणी जाहिरातींचा व्यवसाय ज्यांच्या खांद्यावर उभा राहिला, त्यात हमीद यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. धाकट्याच्या कीर्तीपुढे ते झाकोळले गेले, एवढेच.

सयानी कुटुंब मुंबईचे, सुशिक्षित आणि राष्ट्रीय चळवळीशी जोडलेले. वडील डॉ. जानमहंमद सयानी वैद्यकीय व्यवसायात होते. आई कुलसुम सयानी यांनी प्रौढ साक्षरतेसाठी आयुष्य वेचले. महात्मा गांधींच्या प्रेरणेने त्यांनी १९४०मध्ये 'रहबर' हे पाक्षिक सुरू केले. सोप्या हिंदुस्तानीतील हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या माणसालाही कळेल अशा भाषेत बोलायचे, हा संस्कार त्या घरातला. पुढे दोन्ही भावांच्या निवेदनात तो उतरला, असे म्हणण्यास हरकत नाही.

हमीद यांचा प्रांत मात्र इंग्रजीचा. मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवर ते वावरले आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर इंग्रजी निवेदक म्हणून त्यांनी नाव मिळवले. सात वर्षांच्या अमीनला बोट धरून केंद्रावर नेले ते त्यांनीच. ध्वनिमुद्रित केलेला स्वतःचा आवाज ऐकून छोटा अमीन खट्टू झाला होता, हा किस्सा पुढे अमीन सांगत असत.

या कथेला कलाटणी मिळाली ती सरकारच्या एका निर्णयाने. १९५२मध्ये नभोवाणी खात्याची सूत्रे हाती आल्यावर डॉ. बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली. जाहिरातींना तर तेथे थाराच नव्हता. श्रोता वळला तो रेडिओ सिलोनकडे. कोलंबोच्या या केंद्राने १९५०मध्ये व्यापारी सेवा सुरू केली होती आणि तिच्यासाठी भारतातून जाहिराती व प्रायोजित कार्यक्रम मिळवण्याचे काम 'रेडिओ अ‍ॅडव्हर्टायझिंग सर्व्हिसेस' ही मुंबईतील संस्था करीत असे. तिच्या कार्यक्रमनिर्मितीची धुरा हमीद यांच्याकडे आली. धोबीतलावजवळच्या सेंट झेवियर्स संस्थेच्या स्टुडिओत कार्यक्रम ध्वनिमुद्रित होत, फिती विमानाने कोलंबोला जात आणि लघुलहरींवरून पुन्हा याच शहराच्या घराघरांत पोचत. विकणारा मुंबईत, घेणारा मुंबईत आणि आवाज मात्र समुद्र ओलांडून येणार, असा हा विलक्षण व्यवहार होता.

लघुलहरींचा आवाज कधी चढे, कधी विरून जाई. वस्तूचे नाव खरखरीतूनही स्पष्ट उमटले पाहिजे आणि तरीही फेरीवाल्याची आरोळी वाटता कामा नये, ही खरी कसोटी. अमीन यांची पहिली जाहिरात या दृष्टीने बोलकी आहे. 'ओव्हल्टिन फुलवारी' या कार्यक्रमाच्या वेळी जाहिरात वाचणारा आला नाही, म्हणून श्रोत्यांत बसलेल्या विद्यार्थी अमीनने ती जबाबदारी घेतली आणि क्रिकेटचे समालोचन करावे तशी ती ओरडून वाचली. निर्माते बालगोविंद श्रीवास्तव यांनी कानांवर हात ठेवले. हळू वाचल्यावर जमले. मोबदला म्हणून दर आठवड्याला ओव्हल्टिनचा एक छोटा डबा मिळू लागला. हिंदी शिकायचे तर श्रीवास्तव यांच्याकडेच, असा हमीद यांचा सल्ला होता. स्वतः इंग्रजीत रमलेल्या या माणसाने धाकट्या भावाला मात्र बहुजनांच्या भाषेकडे वळवले, ही त्यांची दूरदृष्टीच म्हणायला हवी.

३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी जन्मलेल्या या कार्यक्रमाला आठवड्याला २५ रुपये मानधन होते. त्यात संहिता लिहायची, निवेदन करायचे आणि श्रोत्यांची पत्रेही तपासायची! मुरलेले निवेदक अर्थातच तयार होईनात. काम आले वयाची वीस वर्षेही पूर्ण न झालेल्या अमीन यांच्याकडे. पाच-पन्नास पत्रे येतील असा अंदाज होता. पहिल्याच खेपेला नऊ हजार आली. त्यानंतर नभोवाणीवरील आवाजाला बाजारात किंमत आहे, हे उद्योजकांना निराळे पटवून द्यावे लागले नाही.

सरकारलाही ते पटले, पण सावकाश. १९५७मध्ये 'विविध भारती' आली आणि १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवरून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. जे संगीत आणि जो व्यापार आकाशवाणीने दाराबाहेर ठेवला होता, त्यालाच आता रीतसर दरपत्रकासह आत घेण्यात आले.

या नव्या पर्वात १९७२ साली हमीद यांच्या वाट्याला आली 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट'. शालेय विद्यार्थ्यांच्या संघांची ही प्रश्नमंजूषा प्रथम शहरोशहरी सभागृहांत आणि नंतर नभोवाणीवरून होऊ लागली. प्रायोजकाचे नाव कार्यक्रमाच्या शीर्षकातच होते. पण रविवारी दुपारी गिरगावापासून मानखुर्द-मुलुंडपर्यंतच्या घरांत मुले रेडिओला कान लावत ती प्रश्नांसाठी. जाहिरात आणि ज्ञान यांची अशी सांगड घालणे आजच्या वाहिन्यांनाही क्वचितच साधते.

१९७५मध्ये हमीद सयानी यांचे निधन झाले. कार्यक्रम भरात होता, प्रायोजकाला तो थांबवायचा नव्हता. हिंदी निवेदनाचे सम्राट म्हणून देशभर ओळखले जाणारे अमीन तेव्हा थोरल्या भावाच्या जागी येऊन बसले आणि पुढील आठ वर्षे त्यांनी ही प्रश्नमंजूषा चालवली, तीही हमीद यांच्या भाषेत, इंग्रजीत.