भरीव रबरावर पृथ्वीप्रदक्षिणा

सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले प्रवासी थॉमस स्टीव्हन्स यांचा जन्म २४ डिसेंबर १८५४ रोजी इंग्लंडमधील बर्कहॅमस्टेड येथे झाला. तरुणपणी ते अमेरिकेत गेले. २२ एप्रिल १८८४ रोजी त्यांनी सॅन फ्रान्सिस्को सोडले, तेव्हा सायकलला हवेचा टायर नव्हता. डनलॉप यांचे पेटंट १८८८चे. स्टीव्हन्स यांच्या ‘कोलंबिया’ सायकलचे पुढचे चाक ५० इंची आणि टायर भरीव रबराचे होते. असा टायर पंक्चर होत नाही, पण रस्त्यावरचा प्रत्येक दगड स्वाराच्या हाडांत उतरतो. पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असल्याने साखळीची कटकट नव्हती. आऱ्यांचा ताण सांभाळणे व वंगण देणे एवढीच मुख्य देखभाल. सामान तर विलक्षणच तुटपुंजे: मोजे, एक जादा सदरा, पिस्तूल आणि तंबू व अंथरूण म्हणूनही वापरता येणारा रेनकोट.

रस्ताच नसेल तेथे ते सायकल ढकलत चालले. ४ ऑगस्ट रोजी बोस्टन गाठले. १८८५ मध्ये लिव्हरपूलहून निघून युरोप व तुर्कस्तान ओलांडत ते तेहरानला पोहोचले. हिवाळा तेथेच गेला. अफगाणिस्तानातून मात्र त्यांना अटक करून परत धाडण्यात आले. मग आगबोटीने ते हिंदुस्थानात आले आणि लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने सायकल चालवत गेले. चीनमार्गे जपान गाठून १७ डिसेंबर १८८६ रोजी योकोहामा येथे त्यांनी प्रवास संपवला. तोपर्यंत सायकलवरचे अंतर सुमारे १३,५०० मैल झाले होते.

१९३५ मध्ये त्यांचे निधन झाले. निर्मात्या पोप कंपनीने जपून ठेवलेली ती सायकल दुसऱ्या महायुद्धात भंगारात गेली.