सोड्याचा फेस आणि मुतखडा

बारावीच्या विद्यार्थ्यांना विल्यम हेन्री हे नाव रसायनशास्त्रातल्या एका नियमापुरते माहीत असते. या नियमामागचा माणूस डॉक्टर होता आणि जन्मभर स्वतः रुग्णही होता.

हेन्री यांचा जन्म 1774 मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झाला. वडील थॉमस हे औषधविक्रेते. मॅग्नेशिया हे पोटाचे औषध आणि सोडावॉटर हा घरचा व्यवसाय. लहानपणी अंगावर तुळई कोसळून विल्यम जबर जखमी झाले. वाढ खुंटली आणि वेदना कायमच्या मागे लागल्या. खेळ सुटले, पुस्तके हाती आली. एडिंबरा येथे सुरू केलेले वैद्यकीय शिक्षण व्यवसायासाठी मध्येच सोडावे लागले.

पाण्यात बहुतेक पदार्थ विरघळायला मर्यादा असते. नेहमीच्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळते; त्यापुढचे तळाशी राहते. असे द्रावण म्हणजे संपृक्त द्रावण. वायूंचे काय, हे हेन्री यांनी मोजले. तापमान तेच ठेवून वायूचा दाब दुप्पट केला, की पाण्यात विरघळणारा वायूही दुप्पट होतो, हा त्यांचा नियम 1803 मध्ये प्रसिद्ध झाला. गोटी सोडा फोडताच दाब उतरतो आणि पाण्यात न मावणारा वायू फेसाच्या रूपाने बाहेर पडतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, वायू मात्र कमी. म्हणून उन्हात तापलेला सोडा अधिक उफाळतो आणि लवकर सपक होतो. उन्हाळ्यात शेततळ्यातील मासे वर येऊन श्वास घेताना दिसतात, त्याचेही एक कारण हेच: 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास.

पुढे हेन्री यांनी शिक्षण पूर्ण करून 1807 मध्ये एम.डी. मिळवली. प्रबंधाचा विषय होता युरिक ॲसिड. काही मुतखडे याच पदार्थाचे बनतात. येथेही प्रश्न मर्यादेचाच. घामावाटे पाणी गेले आणि पिणे कमी पडले, की लघवी दाट होते. त्यातील क्षार विरघळण्याची मर्यादा ओलांडली, की स्फटिक धरू लागतात. जालना जिल्ह्यातील भर उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याला आणि स्टील कारखान्यातील भट्टीजवळच्या कामगाराला हा धोका अधिक. लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी दिवसभर थोडे थोडे पीत राहणे, हा साधा उपाय. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

1831 च्या सुमारास कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा कपडे उष्णतेने निर्जंतुक करता येतील का, याचे प्रयोग हेन्री यांनी केले. जंतूंची ओळख पटायला तेव्हा अजून काही दशके होती. जुन्या दुखण्याने शेवटच्या वर्षांत झोपही हिरावली आणि 1836 मध्ये त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. दीर्घ वेदना मनालाही पोखरते. अशा रुग्णाच्या अंगदुखीइतकीच त्याच्या झोपेची आणि उदासीचीही विचारपूस घरच्यांनी करायला हवी.